सायकलचा वाल : तिरका, वाकडा, तुटका

प्रश्न : मुलीला मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. मागच्या चाकाचा वाल महिना-दीड महिन्यात तिरका होतो. दोनदा ट्यूब बदलली, दोन्ही वेळा वाल बुडापासून फाटला. हल्ली ट्यूबच खराब येतात का? – एक पालक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : दोन ट्यूब एकाच जागी फाटल्या म्हणजे ट्यूबला बोल लावण्याआधी हवा तपासा. टायर रिमला कशाने चिकटवलेला नसतो. आतली हवा त्याला रिमवर दाबून धरते, एवढाच त्याचा आधार. हवा कमी पडली आणि कॅरिअरवर दप्तराच्या जोडीला मैत्रीणही बसली, की पायडल मारताना रिम पुढे जाते आणि टायर थोडा थोडा मागे राहतो. ट्यूब टायरसोबत सरकते, पण वाल रिमच्या भोकात अडकलेला असतो. मग तो तिरका होतो, भोकाची कड रबराला घासत राहते आणि एक दिवस हवा एकदम जाते.

तिरका वाल ओढून किंवा पकडीने सरळ करू नका. फाटायचे राहिलेले रबर तिथेच फाटेल. आधी सगळी हवा सोडा. वालच्या बुडाची चपटी नट असेल तर ती काढा. दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड रिमपासून दोन्ही बाजूंनी पूर्ण फेरीत सुटी करा. मग दोन्ही हातांनी टायर धरून वाल सरळ होईल त्या दिशेला सरकवा. थोडासाच तिरकेपणा असेल तर एवढ्याने भागते. नाही भागले तर टायरची एक कड रिमबाहेर काढा, ट्यूबला संगजिरे लावा आणि ट्यूब हाताने सारखी बसवा. संगजिऱ्यामुळे ट्यूब टायरला चिकटत नाही आणि हवा भरताना आपोआप जागा घेते. टायर चढवून झाल्यावर वाल बोटाने आत ढकलून पुन्हा ओढा, म्हणजे त्याच्या बुडाशी टायरची कड ट्यूबवर बसून राहत नाही. ही पायरी घाईत राहून जाते आणि नवी ट्यूब पहिल्याच दिवशी फुगून फुटते.

थोडी हवा भरा, वाल सरळ आहे का ते पाहा, मगच पूर्ण भरा. किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते. साध्या सायकलींना साधारण ४० ते ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) लागते, मागच्या चाकाला पुढच्यापेक्षा थोडी जास्त. आठवड्यातून एकदा हवा बघा. बुडाची नट हाताने टेकवायची, पाना लावायचा नाही. आवळली की वाल रिमशी जखडतो आणि ट्यूब जरा सरकली तरी सगळा ताण बुडावर येतो.

दोनदा फाटल्यामुळे रिमचे भोकही आतून चाचपा. काठ बोचत असेल तर गोल कानशीने मऊ करा. ट्यूबचे माप टायरच्या मापाशी जुळते का, तेही पाहून घ्या.

प्रश्न : जुनी २८ इंची सायकल, रोज दुधाचे कॅन नेतो. संध्याकाळी हवा मारली की सकाळी चाक बसलेले. ट्यूब पाण्यात धरली, पंक्चर सापडत नाही. – एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : ट्यूब पाण्यात धरताना वाल बहुधा बाहेर राहिला. चाक न काढता पाहता येते : वाल चाकाच्या वरच्या बाजूला आणा, म्हणजे त्याचे तोंड खाली होते. खालून पाण्याची छोटी वाटी लावून तोंड बुडवा. बुडबुडे आले की चोर सापडला. नाही आले तर टायरमध्ये सराटा किंवा बाभळीचा काटा रुतलेला आहे का, ते आतून बोट फिरवून शोधा, पण जपून. काटा तसाच ठेवला तर काढलेले पंक्चर पुन्हा होते.

तुमच्या सायकलीत डनलप पद्धतीचा वाल असणार. जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, त्यांचेच हे नाव. यात स्प्रिंग नाही. पितळी पिनेला बाजूला भोक असते आणि त्यावर रबराची बारीक नळी, म्हणजे वालट्यूब, चढवलेली असते. पंपाची हवा रबर फुगवून आत जाते, आतली हवा रबर दाबून भोक बंद करते. म्हणूनच या वालात हवा मारायला जोर जास्त लागतो. पारा ४२ अंशांवर गेला आणि सायकल दिवसभर उन्हात उभी राहिली, की हे रबर चिकट होते किंवा भोकापाशी चिरते.

वालच्या तोंडावरची नट सोडून पिन ओढा. जुने रबर पूर्ण काढा. चिकटलेला तुकडा राहिला तर नवे रबर तिथेच गळते. सुमारे अडीच सेंटिमीटर वालट्यूब कापा, पाण्याने ओली करा आणि खालून चढवत भोक झाकून पिनेच्या जाड भागापर्यंत न्या. खोबरेल किंवा ग्रीस लावू नका, तेलाने रबर फुगून कुजते. लोंबणारा जास्तीचा भाग कापा, नाहीतर तो आत दुमडून हवाच जाऊ देत नाही. नट आवळताना पिन बोटाने धरा. ती सोबत फिरली की रबराला पीळ बसतो, आणि नव्या वालट्यूबलाही गळती लागते. खिशात बोटभर वालट्यूब असू द्या, त्यात दोन-तीनदा काम होते.

रबराशिवायची पिनही मिळते. ती याच वालात बसते आणि हवा मारायला हलकी जाते. उन्हाळ्यासाठी आम्ही तीच सुचवू.

प्रश्न : गिअरच्या सायकलीचा वाल मोटारसायकलसारखा जाड आहे. आतली पिन वाकली, हवा शिरत नाही. – अंबड (जि. जालना)

उत्तर : ट्यूब बदलू नका, फक्त आतली पिन बदला. मोटारसायकलच्या वालची पिन यात चालते. ती काढायची चावी पंक्चरच्या दुकानात असते; काही धातूच्या टोप्यांच्या डोक्यावरच तशी खाच केलेली असते. चावी डावीकडे फिरवा, पण तोंड वालसमोर नेऊ नका, हवा असेल तर पिन उडते. नवी पिन आधी बोटांनी फिरवा, आटे धरले की चावीने टेकवा आणि पुढे अगदी थोडी आवळा. जोर केला तर आतली रबरी वळी चिरते. तोंडावर साबणाचे पाणी लावून तपासा. टोपी नेहमी लावा. पावसात काळ्या मातीचा चिखल आत गेला की पिन अर्धवट उघडी राहते.

पेट्रोल पंपावरची नळी याच वालाला बसते. मात्र सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती! बटण एक-एक क्षण दाबून दाब पाहत जा. धरून ठेवले तर ट्यूब फुटायला वेळ लागत नाही.

प्रश्न : बारीक वालच्या सायकलीचा वरचा खिळा हवा भरताना वाकला. सरळ करू का? – लातूर

उत्तर : हा प्रेस्टा वाल. एकदा सरळ करता येतो, दुसऱ्यांदा तो तुटतो. चाकात थोडी हवा असू द्या, वरची इवलीशी नट खाली फिरवून ठेवा आणि खिळा बोटांनी हळूहळू उभा करा. तुटलाच तरी घाबरू नका. आतल्या हवेनेच झडप दाबलेली राहते, घरापर्यंत जाता येते. वाटेत पंप लावू नका. घरी वालच्या मानेवर दोन चपट्या बाजू दिसतात का पाहा. दिसल्या तर आतला भाग छोट्या पान्याने काढून नवा बसतो, नाहीतर ट्यूब बदला.

वाकतो तो पंपाच्या हिसक्याने. डाव्या हाताने पंपाचे तोंड आणि टायर एकत्र धरा, काढताना सरळ रेषेत ओढा. जाड वालच्या रिममध्ये बारीक वालची ट्यूब घालायची असेल तर भोकात बसणारी रबरी वळी घ्या. मोकळ्या फटीतून ट्यूब बाहेर फुगते. रिमचे भोक ड्रिलने वाढवून जाड वाल बसवणे अरुंद रिमला मानवत नाही.

प्रश्न : वालच्या बुडाशीच गळते. ठिगळ लावून चालेल का? – गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : नाही. तिथे रबर जाड आणि चढउताराचे असते, ठिगळ सपाट बसत नाही, आणि हवा भरताना तीच जागा ताणली जाते. भोक वालपासून दोन बोटे लांब असेल तर खुशाल सोल्युशन लावा. बुडाशी असेल तर नवी ट्यूब घ्या. जुनी टाकण्याआधी तिची पिन, नट आणि टोपी काढून ठेवा. बाकीच्या रबराच्या पट्ट्या कापल्या तर कॅरिअरला सामान बांधायला होतात.