सूर्यात हायड्रोजन आहे, हे कळलं कसं?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऐच्छिक विषय म्हणून खगोलशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम घेतला. सर एका तासाला सूर्य कशाचा बनलाय ते सांगतात, दुसऱ्या तासाला देवयानी दीर्घिका किती दूर आहे ते सांगतात, आणि तेही अगदी ठामपणे. तिथं कुणी गेलेलं नाही, मग एवढी खात्री येते कुठून? परीक्षेसाठी सगळे आकडे पाठ करायला घेतलेत, पण लक्षात राहत नाहीत. गणितही कच्चं आहे. विषय सोडून देऊ का?

उत्तर : मुळीच सोडू नका. ‘तिथं कुणी गेलेलं नाही, मग कळलं कसं?’ हा प्रश्न पडणाऱ्यांसाठीच तर हा अभ्यासक्रम आहे. मी बरीच वर्षं तो शिकवते आहे. माझी मुलं मला एखादा आकडा सांगतात, तेव्हा मी लगेच विचारते, ‘कशावरून?’ तुम्हीही वहीत प्रत्येक आकड्यापुढे हा एक शब्द लिहून ठेवा.

सूर्याचंच घ्या. सूर्यप्रकाश लोलकातून पसरवून बारकाईनं पाहिला, तर रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, जागोजागी काळ्या रेषा दिसतात. फ्राउनहोफर यांनी १८१४च्या सुमारास अशा पाचशेहून अधिक रेषांची नोंद केली. त्या का दिसतात, ते पुढे किर्कहोफ आणि बुन्सेन यांच्या प्रयोगांतून उलगडलं : प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. म्हणजे प्रयोगशाळेतल्या रेषा सूर्याच्या रेषांशी जुळवायच्या, की तिथं काय आहे ते कळलं.

‘काय आहे’ हे कळलं, तरी ‘किती आहे’ हे कळायला मात्र खूप वेळ लागला, आणि अभ्यासक्रमातला माझा सगळ्यात आवडता तास तोच. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियम आणि लोखंडाच्या रेषा ठळक दिसतात. तेव्हा सूर्याची घडण साधारण पृथ्वीसारखीच असणार, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञ धरून चालले होते. रेषा ठळक तर द्रव्य जास्त, असा सरळ हिशोब. तो चुकीचा आहे हे दाखवायची वाट मेघनाद साहा यांच्या १९२०च्या समीकरणानं खुली केली. कोणत्या तापमानाला, कोणत्या दाबाला किती अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटून जातील, हे त्यावरून काढता येतं. पंचविशीतल्या सिसिलिया पेन यांनी ते ताऱ्यांच्या वर्णपटांना लावलं. हायड्रोजनच्या डोळ्यांना दिसणाऱ्या रेषा उमटायला अणूतला इलेक्ट्रॉन आधीच एक पायरी वर चढलेला असावा लागतो. सूर्याच्या पृष्ठभागावर, सुमारे ५,८०० केल्विनला, दहा कोटींहून अधिक अणूंमागे असा एखादाच सापडतो. तरीही हायड्रोजनच्या रेषा दिसतातच! मग हायड्रोजन किती प्रचंड असला पाहिजे, तुम्हीच विचार करा. कॅल्शियमला असं काही करावं लागत नाही, म्हणून ते थोडं असूनही उठून दिसतं.

पेन यांच्या १९२५च्या प्रबंधात हे आकडे आहेत. पण त्या काळातले मान्यवर खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटले नाहीत, आणि पेन यांना स्वतःच्याच निष्कर्षाबद्दल ‘हे जवळजवळ नक्कीच खरं नाही’ अशा अर्थाचं वाक्य लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल वेगळ्या मार्गानं त्याच उत्तरापाशी पोचले आणि त्यांनी पेन यांचं काम मान्य केलं. हा प्रसंग शिकवताना मला आजही राग येतो आणि अभिमानही वाटतो. तुमच्या सरांची खात्री अशा घासून तपासलेल्या कामातून आलेली आहे.

आता अंतरं. हाताचा अंगठा समोर धरून आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं, की तो मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याच्या एका बाजूला असताना आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूला असताना जवळचा तारा तसाच सरकतो. बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्यासाठी या सरकण्याच्या निम्मा कोन मोजला. तो एका विकलेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही किंचित कमी भरला, आणि एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग! त्यावरून अंतर निघालं : सुमारे १० प्रकाशवर्षं.

दीर्घिकांसाठी ही युक्ती पुरत नाही. तिथं हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये मांडलेला नियम कामी आला. सेफिड जातीचे रूपविकारी तारे ठराविक लयीत तेजस्वी आणि मंद होतात, आणि लय जितकी संथ तितका तारा मुळात अधिक तेजस्वी. मुळातलं तेज कळलं आणि दिसणारं तेज मोजलं, की अंतर मिळालं. हबल यांनी १९२३ मध्ये देवयानीत असा तारा शोधला. त्यांचं उत्तर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं होतं, आज आपण २५ लाख म्हणतो, कारण सेफिडचे दोन प्रकार असतात हे नंतर समजलं. आकडा बदलला, पद्धत टिकली. म्हणून म्हणते, पद्धत समजून घ्या.

गणित फारसं लागत नाही. गुणोत्तर, कोन, दहाचे घात, आणि अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो हा एक नियम. तेवढं पक्कं करा.

प्रश्न : मुलीनं महाविद्यालयात हाच विषय घेतलाय आणि ती दुर्बिणीचा हट्ट धरते आहे. घेऊन द्यावी का?

उत्तर : यंदा नको. आधी वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा तारा पाहायला सांगा. ‘सेफिड’ हे नाव ज्याच्यावरून पडलं, तोच हा. उत्तर गोलार्धातून हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी उत्तरेकडे, अंधाऱ्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्या शेजारी झीटा आणि एप्सिलॉन हे दोन तारे आहेत. डेल्टा पूर्ण तेजात असताना जवळपास झीटाइतका दिसतो, मंदावला की एप्सिलॉनइतका. दर रात्री तिनं तारीख, वेळ आणि तो कुणाच्या जवळचा वाटला ते लिहावं, मग आलेख काढावा. तेज भराभर वाढतं, सावकाश उतरतं आणि एक आवर्तन साधारण ५ दिवस ९ तासांत पुरं होतं. ढगांमुळे मधल्या रात्री हुकल्या तरी बिघडत नाही, पुढच्या आवर्तनातल्या नोंदी त्याच आलेखावर बसवता येतात.