नवीन सदस्याला तिसऱ्याच दिवशी ब्लॉक केलं, तर त्यानं दाद कुठं मागायची?

तुम्ही विचारलंय : मराठी विकिपीडियावर खातं उघडलं, गावच्या तलावाबद्दल चार परिच्छेद लिहिले, ते कुणीतरी दोनदा काढले, तुम्ही दोनदा परत टाकले, आणि तिसऱ्या दिवशी खातं ब्लॉक. माझं काय चुकलं आणि आता काय करू?

आधी कामाचं सांगून टाकतो. ब्लॉकचा जो संदेश दिसतो तो नीट वाचा. कुणी केलं, कारण काय, किती दिवस, हे तिन्ही त्यात असतं. बंदी तुमच्या खात्यावर आहे की आयपी पत्त्यावर (म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर), हेही बघा. मोबाइलच्या नेटवर हजारो गिऱ्हाइकं एकाच पत्त्यामागे असतात, दुसऱ्याच्या उपद्व्यापाची शिक्षा तुम्हाला झालेली असू शकते. खातं ब्लॉक असलं तरी तुमचं स्वतःचं चर्चापान, म्हणजे इतर सदस्य तुमच्याशी बोलतात ते पान, बहुतेक वेळा उघडं ठेवलेलं असतं. दाद तिथंच मागायची. आणि काहीही झालं तरी दुसरं खातं उघडू नका.

हे शेवटचं मी इतकं ठासून का सांगतोय, ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. घर पद्मशाली, म्हणजे विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, भिंतीपलीकडं कन्नड. आमच्या वडिलांना आम्ही नान्ना म्हणायचो. नान्नांनी ४१ वर्षं माग चालवला. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे चार यंत्रमाग. चादरीच.

सोलापुरी चादर सगळ्यांनी अंगावर घेतली असेल, पण त्यावरचा मोर येतो कुठून हे फार थोड्यांना माहीत असतं. मागाच्या डोक्यावर जेकार्ड बसवलेलं असतं. त्यात जाड पुठ्ठ्याचे पत्ते, एकमेकांना दोरीनं ओवलेले, लांबच लांब माळ. एका पत्त्याला एक आडवा धागा. पत्त्यावर भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. अशा शेकडो पत्त्यांतून मोर उतरतो. एखादं भोक फाटलं की तीच चूक प्रत्येक चादरीत, त्याच जागी. आणि पावसाळ्यात पत्ते सर्दावतात. पुठ्ठा फुगतो, भोक सुईच्या समोर येत नाही, आणि मोराची मान तुटते. नान्ना ओट्यावर बसून चहा पिता पिता, नुसत्या आवाजावरून, कुठल्या मागाचा पत्ता बिघडलाय ते सांगायचे. सर्दावलेले पत्ते उन्हात टाकायचे नाहीत, वाकतात. तापलेल्या पत्र्याखाली सावलीत पसरायचे, वर सपाट फळी ठेवायची. हे त्यांना त्यांच्या उस्तादानं सांगितलेलं.

२०१२ मध्ये मला वाटलं, हे कुठंतरी लिहून ठेवावं. विकिपीडिया नव्हे, लोकांनीच मिळून लिहायचा दुसरा एक माहितीकोश होता. नाव घेत नाही, ज्यांच्याशी माझं वाजलं ती माणसं आता तिथं नाहीतही. घरी कॉम्प्युटर नव्हता. कन्ना चौकाजवळच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन बसायचो. नान्ना रात्री सांगायचे, मी वहीत उतरवायचो, दुसऱ्या दिवशी टाइप करायचो. संदर्भ द्या असं लिहिलेल्या चौकटीत मी प्रामाणिकपणे लिहिलं : 'माझे वडील. ४१ वर्षं माग चालवला.'

दोन तासांत मजकूर गेला. कारणापुढं दोन शब्द : संदर्भहीन, जाहिरात. मी परत टाकला. परत गेला. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा मलाच काढलं, मुदत नाही, कायमचं. मला उद्देशून एक ओळ, एक 'नमस्कार' सुद्धा कुणी लिहिला नव्हता.

घरी गेलं की नान्ना विचारायचे, "आलं का रे?" शेडमधल्या कामगारांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. चार दिवस मी "येतंय" म्हणालो. रविवारी ते धुतलेला शर्ट घालून म्हणाले, चल, दाखव. कॅफेत खुर्ची ओढून ते पडद्याच्या अगदी जवळ बसले. पापण्यांवर कापसाची धूळ तशीच होती, ती आंघोळीनंही जायची नाही. मी लेख उघडला. त्यात त्यांचं काहीच नव्हतं. मी जे घडलं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोललो असं म्हणणं आहे का त्यांचं?"

त्या रात्री मी दुसऱ्या नावानं खातं उघडलं आणि सगळा मजकूर जसाच्या तसा डकवला. सकाळपर्यंत तेही खातं गेलं, आणि कॅफेच्या आयपी पत्त्यावरही बंदी आली. बीएडला असलेली एक मुलगी त्याच कॅफेत बसून तिथं झाडांवर लिहायची. गेले सहा महिने नियमानं, कुणाला त्रास न देता. तिला त्या दिवशी "तुम्हाला लिहिता येणार नाही" असा संदेश आला. ती कॅफेवाल्याला विचारत होती, "दादा, मी काय केलं?" मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मी बोललो नाही. ब्लॉकचा मला जितका राग आहे, त्याहून या गप्प बसण्याची लाज जास्त आहे. म्हणून सांगतो, दुसरं खातं उघडू नका. त्याक्षणी तुमची बाजू खरी असली तरी संपते, आणि मार भलत्याच माणसाला बसतो.

आता बावाबद्दल. बावा म्हणजे आमच्यात आत्याचा मुलगा. तो कॉलेजात शिकवतो. त्यानं तेव्हाही मला ऐकवलं आणि परवा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत चालता चालता पुन्हा ऐकवलं, "तू नियम वाचले नाहीस. बाप हा संदर्भ होत नाही." बारा-तेरा वर्षं हे चाललंय.

त्याचं जिथं बरोबर आहे ते मान्य करतो. मी सदस्यनाव म्हणून आमच्या शेडचं नाव घेतलं होतं. धंद्याचं नाव सदस्यनाव म्हणून घेतलं की समोरच्याला जाहिरातच वाटणार. विकिपीडियावरही ते चालत नाही. स्वतःच्या घरच्या धंद्यावर स्वतः लिहिणं हा हितसंबंध झाला. काढलेला मजकूर चर्चा न करता पुन्हा पुन्हा टाकणं म्हणजे तिथं भांडण समजलं जातं. तुम्ही नेमकं तेच केलंय, तुमचं चुकलं असेल तर तिथं चुकलं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

पण माहीत नव्हतं, हाच तर नवीन माणसाचा अर्थ! विकिपीडियाच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे की नवख्यांना चावू नका, आणि समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चला. ते धाब्यावर बसवलं की काय होतं याचा हिशेबही झालेला आहे. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये शिगेला पोचली आणि मग उतरत गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कारण सापडलं ते हेच : चांगल्या मनानं आलेल्या नवीन लोकांचं लेखन यंत्रवत उडवलं जाऊ लागलं, आणि ते लोक परत आले नाहीत. बावा, हे वाच. मी रडून सांगत होतो ते त्यांनी मोजून सांगितलंय.

आणि 'बाप हा संदर्भ होत नाही' याबद्दल. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या पैशातून भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग झाला. जे छापलेलं नाही पण गावात सगळ्यांना माहीत आहे, ते जाणत्या माणसांच्या तोंडून रेकॉर्ड करायचं आणि त्या रेकॉर्डिंगचाच संदर्भ द्यायचा. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांत तो केला. तो नियम म्हणून रूढ झाला नाही, हे खरं. पण जगभर शहाण्या माणसांना हा प्रश्न पडला होता, तो काही कन्ना चौकातल्या एका विणकराच्या पोराचा हट्ट नव्हता.

आपल्याच शहराचं बघा. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. ही तारीख कागदावर आहे, कुणी पुसू शकत नाही. पण मार्शल लॉ असताना आमच्या गल्लीत कुठल्या घरानं कुणाला लपवलं, बायका पाण्याला कशा जायच्या, हे आजीबरोबर गेलं. कागद सरकारकडं होता, आजीकडं नव्हता. छापील तेवढंच खरं म्हटलं की लिहिणाऱ्याचंच राहतं आणि विणणाऱ्याचं जातं. बावाला मी एवढंच म्हणतोय, गेली इतकी वर्षं.

माझी बंदी आठ महिन्यांनी उठली, तीही एका बाईंमुळं. त्या नाशिककडच्या होत्या, एवढंच मला कळलं. जुने चर्चापान चाळताना त्यांना माझा मजकूर दिसला असावा. त्यांनी सहा ओळी लिहिल्या. सुरुवात अशी होती : 'दादा, तुमचे वडील जे सांगतात ते मला कुठं वाचायला मिळालं नाही, म्हणून ते जपून ठेवा.' मग कामाचं : नाव बदलून घ्या, आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहा, आणि मजकुराचे दोन भाग करा, छापील सापडतं ते आणि फक्त वडील सांगतात ते. मी दोन रविवार वाचनालयात बसलो. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे सरकारनं छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, आणि १९७७ चं नंतरचं, दोन्ही चाळली. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्याची कागदपत्रं वाचली. त्यातून लेखात माझ्या सात-आठ ओळी टिकल्या. पत्ते सर्दावतात ही ओळ टिकली नाही. नान्ना २०१९ ला गेले. फोनवर चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, मागे माग चालू असल्यामुळं अर्धं ऐकू येत नाही.

तर तुमच्या तलावाचं. गॅझेटियर बघा. जनगणनेची जिल्हा पुस्तिका बघा, त्यात गावनिहाय माहिती असते. तलाव सरकारी असेल तर जलसंपदा किंवा जिल्हा परिषदेकडं नोंद असेल. फोटो स्वतः काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावर, चढवा, स्वतः काढलेल्या फोटोला पुस्तकाचा दाखला लागत नाही. आणि तलाव कुणी खणला, दुष्काळात काय झालं, हे ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे त्यांना आजच, माग-मोटार-टीव्ही सगळं बंद करून, रेकॉर्ड करा. नाव, वय, तारीख बोलून घ्या. ते विकिपीडियावर आज चालणार नाही. तरी करा.

एक मात्र प्रचालकांच्या, म्हणजे ब्लॉक करण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांच्या, बाजूनं सांगायला हवं, वर रागात राहून गेलं. ती माणसं पगारी नाहीत. मूठभर आहेत, आणि रोज शिव्या, क्लासच्या जाहिराती, पुढाऱ्यांचे वाढदिवस असला कचरा उपसत असतात. तुमचे चार परिच्छेद त्याच ढिगात त्यांच्या हाती आले. शिवाय मजकूर कुठल्या पुस्तकातून किंवा साइटवरून उतरवलेला असेल तर बंदी योग्यच आहे, तिथं मी तुमच्या बाजूनं नाही.

चर्चापानावर भांडू नका. मला सुचलं नव्हतं, तुम्हाला मजकूरच देतो : 'मी नवीन आहे. काढलेला मजकूर मी चर्चा न करता दोनदा परत टाकला, ही चूक झाली, पुन्हा करणार नाही. तलावाची माहिती अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर आहे. बाकीचा भाग मी ऐकीव म्हणून बाजूला ठेवतो. बंदीचा पुन्हा विचार करावा.' त्याच्या वर बंदी उठवण्याच्या विनंतीचा साचा (विकिपीडियावरची तयार चौकट) लावा, नाहीतर ते कुणाच्या नजरेस येत नाही. खाली चार टिल्डा (~~~~) टाका, म्हणजे तुमचं नाव आणि वेळ आपोआप उमटते. उत्तराला आठवडा लागला तरी थांबा. पुस्तकाचं पान सापडलं नाही तर इथंच खाली तालुका लिहा, माझ्याकडं दोन्ही गॅझेटियरच्या फाइली आहेत, मी शोधून देतो.