पहिलटकरणीलाच मलेरिया जास्त का बाधतो?

आफ्रिकेत लहानपणापासून मलेरिया अंगावर काढलेल्या बाईलाही पहिल्या गरोदरपणात तो का गाठतो, असं तुम्ही विचारलंय. कारण आहे वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव (प्लासेंटा).

मलेरियाच्या फाल्सिपॅरम या परजीवीकडे ‘व्हार’ कुळातली साधारण 60 जनुकं असतात. त्यातलं बहुधा एकच एका वेळी वापरून तो तांबड्या पेशीवर प्रथिन चढवतो. त्यांतलं ‘व्हार-2-सीएसए’ हे प्रथिन वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला चिकटतं. वारेतल्या बाधित पेशी या रेणूला चिकटतात, हे फ्राइड आणि डफी या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवलं. पहिल्या खेपेला वारच नवी, त्यामुळे या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी शरीराची प्रथिनं) नसतात. पुढच्या खेपांना असतात. म्हणून पहिलटकरणीला रक्तक्षय आणि कमी वजनाचं बाळ हा धोका जास्त. बोटातून घेतलेल्या रक्तात अनेकदा परजीवी दिसत नाहीत आणि वारेत मात्र दडलेले असतात, हे मला फार काळजीचं वाटतं.

आता विविधता. ‘व्हार-2-सीएसए’चं जनुक परजीवीच्या प्रत्येक वाणात (उपप्रकारात) थोडं वेगळं, आणि एकाच बाईत अनेक वाण एकत्र सापडतात. याच प्रथिनावर बेतलेल्या पॅमव्हॅक आणि प्रिमव्हॅक या लसींच्या सुरुवातीच्या चाचण्यांत प्रतिपिंडं तयार झाली, पण लसीतल्यापेक्षा वेगळ्या वाणांवर ती कमी चालली. लस तिथेच अडलीय.