शिबिराचं वेळापत्रक उजेडावर बांध

प्रिय मित्रा,

तुझं दोन दिवसांचं वेळापत्रक वाचलं. शनिवारी दुपारी पोहोचायचं, लगेच डोंगर, संध्याकाळी दोरीचे खेळ, रात्री शेकोटी. तंबू कधी लावणार, तर 'मधल्या वेळात'. असा मधला वेळ शिबिरात सापडत नाही. तंबू, पाणी, शौचाची जागा आणि स्वयंपाक ही कामं उजेडातच उरकावी लागतात. म्हणून सूर्यास्ताच्या निदान तीन तास आधी मुक्कामाला पोहोचा आणि शनिवारचे खेळ सरळ काढून टाक. मुलं कुरकुरतील, कुरकुरू देत.

तंबूची जागा ठरवताना आधी वर बघायचं, मग खाली. वर वाळकी फांदी किंवा वठलेलं झाड असेल तर तिथून हल. कोरड्या ओढ्याचं पात्र कितीही सपाट, मऊ दिसलं तरी नको. पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत येतं. खुंटी ठोकताना तिचं वरचं टोक तंबूपासून बाहेर झुकलेलं ठेव, म्हणजे ताण आला तरी ती उपटत नाही. तंबूखाली अंथरायचं प्लास्टिक तळापेक्षा थोडं लहान हवं. ते बाहेर डोकावलं की पावसाचं पाणी त्यावर पडून थेट अंथरुणाखाली सरकतं. ही चूक जवळजवळ प्रत्येक नवखा गट करतो. सकाळी 'तंबू गळतो' अशी तक्रार येईल, पण पाऊस पडलाच नसेल तर ती श्वासाची वाफ असते. झडपा थोड्या उघड्या ठेव आणि बाहेरचं कापड आतल्या कापडाला टेकू देऊ नकोस. थंडी अंगाखालून जास्त लागते, तेव्हा दुसऱ्या पांघरुणापेक्षा चांगली चटई उपयोगी.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला 4 लिटर पाणी धर, म्हणजे वीस जणांना 80 लिटर. ते वाहून आणणार कोण, हे निघण्याआधीच ठरव. ओढ्याचं पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळ, मग खळखळून एक मिनिट उकळू दे. 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. शौचाची जागा पाण्यापासून आणि तंबूंपासून 60 मीटर लांब, खड्डा 15 ते 20 सेंटीमीटर खोल. तिथून परतण्याच्या वाटेवरच साबण आणि पाण्याचा डबा टांगून ठेव. दूर ठेवलास तर कोणी हात धुणार नाही, आणि शिबिरात पोटं बिघडतात ती बहुधा हातांमुळेच.

डोंगर रविवारी सकाळी. वेळेचा अंदाज असा काढ: सपाटीला ताशी 5 किलोमीटर, आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. 8 किलोमीटर वाट आणि 600 मीटर चढ असेल तर हिशेब सुमारे 2 तास 36 मिनिटांचा येतो. हा दमदार चालणाऱ्याचा वेळ झाला, तोही न थांबता. मुलांसाठी दीडपट धर, म्हणजे जवळपास चार तास. परत फिरायची वेळ आधीच जाहीर कर. ती झाली की शिखर समोर दिसत असलं तरी मागे वळायचं.

सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे शांत डोक्याचा मोठा माणूस, आणि वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. मुलांच्या जोड्या लाव. नुसती डोकी मोजताना गफलत होते. जोडीदार हरवला की दुसरा लगेच बोलतो. 'टाच जळतेय' असं कोणी म्हटलं की त्याच क्षणी थांबून पट्टी लाव, फोड आल्यावर उपयोग कमी. वीज चमकून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर माथा आणि एकटं झाड सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. तंबू हा विजेपासून आडोसा नव्हे. अनोळखी पाण्यात पोहणं मात्र कार्यक्रमात घेऊच नकोस, जीवरक्षक नसेल तर त्यावर चर्चाही नको.

शेकोटीभोवती तीन मीटरपर्यंतचा पालापाचोळा झाडून काढ. विझवताना पाणी ओत, काठीने ढवळ, पुन्हा ओत. हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागत नाही ना, ते पाहूनच झोपायला जा. तंबूत स्टोव्ह किंवा निखारे नेऊ देऊ नकोस. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला जागही येत नाही.

निघण्याआधी प्रत्येकाच्या पालकांकडून अ‍ॅलर्जी, दमा, फिट्स आणि चालू औषधं लिहून घे. दम्याचा पंप सामानाच्या ढिगात नको, त्या मुलाच्याच पाठपिशवीत हवा. वाटेचा नकाशा आणि परतीची वेळ मागे राहणाऱ्या एका माणसाकडे दे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने कोणाला कळवायचं, तेही लिहून दे.

रविवारी तंबू दवाने ओले असतानाच गुंडाळावे लागतील. ते एक-दोन दिवसांत उघडून वाळवले नाहीत तर बुरशी धरतात. कोणाच्या घरी वाळत घालायचे ते निघण्याआधीच नक्की कर; परतताना दमलेल्या गटात कोणी हात वर करत नाही.

तुझा,
जुना वाटसोबती