जुन्या रेडिओ-रिमोटमध्ये सेलच्या स्प्रिंगवर पांढरं-हिरवं का जमतं?
सेल लीक होतो म्हणून, स्प्रिंगचा दोष नसतो. अल्कलाइन सेल संपला आणि तसाच आत राहिला की त्यात हायड्रोजन वायू साठतो, सील सुटतं, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड (सेलमधलं अल्कली द्रावण) बाहेर झिरपतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा पांढरा भुगा होतो, हिरवट दिसतो तो तांब्याचा गंज. साध्या झिंक-कार्बन सेलचं तर जस्ताचं डबडंच झिजून भोक पडतं. इंदूरला रिपेअरिंग करतो, रोज बघतो, स्प्रिंगच्या तळाशी मिठासारखे खडे चिकटलेले असतात. अल्कलाइनचा भुगा व्हिनेगर नाहीतर लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने पुसा, नीट कोरडं करा. पण स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा उडून खालचं लोखंड गंजलं असेल तर घासत बसू नका हो, स्प्रिंगच बदला.