बदामाला दोष देऊ नकोस

अगं,

तुझी मेल दोनदा वाचली. सेमिनारच्या सकाळी ताप आल्याचं कळवलंस आणि अगदी शेवटी खरं काय ते लिहिलंस, की सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची भीती वाटते: ‘सर, माझा अमिग्डालाच बिघडलाय.’ रील्स बघून एवढी शरीररचना शिकलीस याचं कौतुक आहे, पण निदान मला मान्य नाही.

अमिग्डाला म्हणजे मेंदूतला भीतीशी जोडलेला छोटा भाग; शब्द ग्रीक, अर्थ बदाम. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानशिलालगतच्या भागात, खोलवर एकेक. आवाजाची ओझरती खबर थॅलॅमसकडून, म्हणजे मेंदूतल्या खबरा पुढे धाडणाऱ्या ठाण्याकडून, त्याला थेट पोचते. कॉर्टेक्स या मेंदूच्या बाहेरच्या थरातून छाननी होऊन येणारी खबर मागाहून. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी हा आडरस्ता उंदरांमध्ये दाखवून दिला. तेव्हा धडधड आधी आणि अक्कल मागून, हा बिघाड नव्हे. रचनाच तशी आहे.

बरं, तो नसताच तर? एस. एम. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन बाईंचे दोन्ही अमिग्डाला एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात गेले. त्या साप बिनधास्त हातात घेत. पण 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा त्याही कमालीच्या घाबरल्या. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं. सगळं खापर बदामावर फोडता येत नाही ते यासाठी.

आता तुझ्या ‘तीन आठवडे गावी जाऊन येते’बद्दल. बंगळुरूला मेंदूशास्त्रज्ञ सुमंत्र चट्टर्जींच्या प्रयोगशाळेत उंदरांना रोज 2 तास, असं 10 दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पस या आठवणींशी जोडलेल्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, अमिग्डालातल्या मात्र फोफावल्या. पुढे 21 दिवस उंदरांना कसलाही त्रास दिला नाही, तरी अमिग्डालातली ती वाढ ओसरली नाही. तू उंदीर नाहीस, कबूल. पण नुसत्या आरामावर माझी भिस्त नाही.

भीतीची जुनी आठवण सहसा पुसली जात नाही. ‘इथे काही होत नाही’ अशी दुसरी आठवण तिच्यावर चढते, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स तिच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो. ती दुसरी आठवण त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय तयार होत नाही. तापाची मेल पाठवून तुला हायसं वाटलं ना? त्या हायसं वाटण्यानंच भीतीला खतपाणी मिळालं.

मी अजूनही बोलायला उभा राहिलो की डावा गुडघा थरथरतो. टेबलाआड दिसत नाही, इतकंच.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर आधी समुपदेशकांकडे जा. तिथे माझ्या पत्राचा उपयोग नाही. नाहीतर गुरुवारी साडेचारला सेमिनारच्या खोलीत ये. पहिल्या तीनच स्लाइड, ऐकायला मी आणि शिपाईकाका. पुढच्या वेळी चौघं बोलवू. पेनड्राइव्ह आण, तिथला प्रोजेक्टर लॅपटॉपशी जुळवून घेत नाही.

— सर