साल्मन वाचवायचा तर ओढ्याकाठची जमीन विकत कशाला घ्यायची? नुसती मासेमारी बंद करून भागत नाही का?

नाही भागत. कारण साल्मनची अंडी ओढ्याच्या तळाशी असतात आणि तळाचं नशीब काठावर ठरतं. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करून अंडी घालते, वरून पुन्हा गोटे लोटते. त्या फटींतून गार पाणी खेळतं राहिलं तरच अंडी जगतात. वरच्या डोंगरात झाडं तोडली, लाकडाच्या ट्रकांसाठी कच्चे रस्ते काढले, की पावसात माती खाली येते, फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. वर सावली गेल्याने पाणी तापतं ते वेगळंच.

कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीचं उदाहरण घ्या. २००२ साली खालच्या पात्रात हजारो साल्मन मेले. कमी प्रवाह, कोमट पाणी आणि त्यातून पसरलेला रोग. अशा वेळी ब्लू क्रीक हा थंड पाण्याचा ओढा त्यांचा आसरा. समुद्रातून अंडी घालायला नदीत वर जाताना मासे तिथे थांबून अंग गार करून घेतात. पण भोवतालचं जंगल लाकूड कंपनीचं! वेस्टर्न रिव्हर्स कन्झर्व्हन्सी या संस्थेने ते टप्प्याटप्प्याने विकत घेऊन मूळच्या युरोक लोकांना परत दिलं. सुमारे ४७,००० एकर, हे काम २०२५ मध्ये पुरं झालं. पैसा देणग्यांतूनच नव्हे, कर्ज, करसवलती आणि कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे झाडं राखून हवेतला कार्बन शोषल्याबद्दल मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, विक्रीतूनही उभा केला. माझ्या मते खरी हुशारी इथेच आहे.

मालक विकायला तयार नसेल तर फक्त वृक्षतोडीचे आणि बांधकामाचे हक्क विकत घेता येतात. जमीन त्याच्याच नावावर राहते.